छपरासाठी गेलेल्या चपला

आमच्या खानदानात गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आहे. ते मला कुणी दिलं नाही. मीच घेतलं, आणि परत मागायला कुणी आलं नाही म्हणून माझ्याकडे राहिलं. बाळाचा अकीका असो, निकाह असो, नाहीतर कुणी गावाहून नुसता आंबे घेऊन आलेला असो, जेवणं आटपली की माणसं माझ्याकडे बघतात. मी म्हणतो, आज नको, घसा बसलाय. आणि सुरू करतो.

फक्त एक गोष्ट मला सांगता येत नाही. विलायतेतल्या एका खेड्यातल्या जुन्या चर्चची. त्या चर्चला माझी बायको जाऊन आली, मी नाही. हे एवढं साधं आहे, पण ते पचवायला मला बरीच वर्षं लागली, आणि अजूनही कधी कधी घशाशी येतं.

साठीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही हकिकत. दुबई तेव्हा खाडीच्या दोन काठांवर बसलेलं एक गाव होतं. आम्ही देरा नावाच्या काठावर राहायचो, एका बुटक्या घरात. मध्ये अंगण, अंगणाला लागून दोन खोल्या, आणि आतल्या खोलीच्या दाराला एक जाड हिरवा पडदा. घरात मी, बायको, आमची मुलगी आणि माझी मोठी बहीण. बहिणीला सगळं घर आपा म्हणायचं. आपा विधवा होऊन माझ्याकडे आली होती, आणि माझ्यावर नजर ठेवायचं जे काम अम्मीने अर्धवट सोडलं होतं ते तिने पुरं करायला घेतलं होतं.

मी एका इंग्रज कंपनीत कारकून. जहाजाने आलेला माल उतरला की नाही, फुटला की नाही, हे लिहायचं. दर जुम्म्याला नमाजानंतर रत्नागिरीकडची आणि रायगडकडची आपली माणसं आमच्या अंगणात जमायची. पुरुष अंगणात चटयांवर, बाया पडद्याच्या आत. काळा चहा फिरायचा आणि मी बोलायचो. मी बोलताना पडद्याआडच्या बांगड्या गप्प होतात की नाही, तिकडे माझा एक कान असायचा. त्या गप्प झाल्या की समजायचं, गोष्ट लागली.

कंपनीच्या साहेबाच्या बाईला जुळी मुलं झाली होती. बाईचं लहानपण हिंदुस्तानात गेलेलं, त्यामुळे तिला मोडकंतोडकं हिंदुस्तानी यायचं. माझी बायको सकाळी तिच्याकडे मुलं सांभाळायला जायची. दोघींचं इतकं जमलं की मी दहा वर्षं ज्या बंगल्याच्या व्हरांड्यात उभा राहून फाइली दिल्या, त्याच बंगल्याच्या आतल्या खोलीत माझी बायको सोफ्यावर बसून चहा प्यायची. सोफ्याचा रंग कोणता, हे मला तिच्याकडून कळलं. पिस्त्याचा. तेव्हापासूनच पोटात थोडं दुखायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

उन्हाळ्यात इंग्रज बाया आपापल्या मुलखाला जायच्या. त्या वर्षी साहेबाने मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्चीवर बसवलं, आणि विचारलं, दोन महिन्यांसाठी तुझी बायको माझ्या बायकोबरोबर येईल का, जुळी एकटीला आवरत नाहीत.

घरी येऊन मी आपाला सांगितलं. आपा तांदूळ निवडत होती.

"बायको विलायतेला आणि नवरा इथे?" ती म्हणाली. "बरं आहे. तुला रोटी कोण भाजून देणार?"

"तू आहेस ना."

"मी आहेच. म्हणून तर विचारलं. तू पाठवायला निघालास ते साहेबाला घाबरून, की आणखी काही?"

आणखी काही होतं. मी हिशेब केला होता की ही दोन महिने विलायत बघून येईल, मला सगळं सांगेल, आणि मग मी ते जुम्म्याला सांगेन. बायको म्हणजे कच्चा माल आणणारं जहाज. जहाज बंदराला लागलं की माल उतरवून घेणं हे तर माझं रोजचंच काम. बायको स्वतः गोष्ट सांगेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती घरात बोलायची ते मीठ संपलंय, नळ गळतोय, एवढंच. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती, आणि माझी समजूत होती की तिच्याकडे बोलण्यासारखं काही नाही. खरं म्हणजे तिला मध्ये जागाच मिळत नव्हती.

तिच्यासाठी मी बाजारातून मुंबईहून आलेल्या चपला घेतल्या. लाल मखमल, त्यावर जरीचं काम. विलायतेत आपली इज्जत दिसायला हवी, म्हणून. ती म्हणाली, "तिकडे चिखल असतो म्हणतात." मी म्हटलं, विलायतेत चिखल कुठला.

ती परत आली तेव्हा तिच्या पायात काळे, जाड, नाडीचे बूट होते. विमानतळावर मी आधी बूट बघितले आणि मग तोंड.

"चपला कुठे?"

"त्या गेल्या," ती म्हणाली. "घरी चला, सांगते."

हे 'सांगते' मी फार हलकं घेतलं.

पहिल्या जुम्म्याला अंगण भरलं. राजापूरकडचा एक दुकानदार होता, त्याला सगळे चाचा म्हणायचे. तो सर्वांत पुढे. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "तर विलायत. विलायत म्हणजे काय, तर..." आणि थांबलो, कारण पुढचं मलाच माहीत नव्हतं. बायकोने आठवडाभर कपडे धुणं, घर झाडणं आणि मुलीच्या उवा काढणं, एवढंच केलं होतं. विचारलं की म्हणायची, जुम्म्याला.

चाचा म्हणाला, "तू कशाला सांगतोस? तू गेला होतास? भाभी, तुम्ही सांगा."

पडद्याआड जरा कुजबुज झाली. मग बायकोचा आवाज आला. हळू, सपाट, मीठ संपलंय म्हणताना असतो तसा.

"मेमसाबचं गाव लहान आहे. आपल्या मोहल्ल्याएवढं. गावात एक चर्च आहे, फार जुनं. दगडाचं. त्याच्या चारी बाजूंनी कबरी. कबरींमधूनच आत जायची वाट."

"कबरस्तानातून?" आपाने विचारलं.

"हो. आणि दगड सगळे वाकलेले. कुणी इकडे, कुणी तिकडे. मेमसाबचा बाप, आजा, त्याचा बाप, सगळे तिथेच. तिने मला एकेकाला सलाम करावा तसं दाखवलं. मी पण सलाम केला."

मी मनात म्हटलं, इथे थांबायला हवं होतं. इथे एक वारा आणायला हवा होता, एखादा कावळा. ती थांबली नाही. सरळ आत गेली.

"आत अंधार, आणि वास ओल्या पोत्याचा. लाकडाची बाकं. बसून बसून त्यांना खळगे पडलेत, माणसांच्या मापाचे. बाकांना आकड्यांवर छोट्या उशा टांगलेल्या, भरतकाम केलेल्या. गावातल्या बायाच करतात. आपली नमाजाची जानमाज असते ना, तशीच, पण फक्त गुडघ्यांपुरती. आणि एका बाजूला एक दगडाचा माणूस झोपलेला. तलवारीसकट. पायाशी दगडाचा कुत्रा."

"कुत्रा?" आपा म्हणाली. "मशिदीत?"

"मशीद नाही आपा, चर्च आहे."

"तरी पण कुत्रा."

"दगडाचा आहे."

"बरं," आपा म्हणाली. "दगडाचा असेल तर चालेल."

मला या वेळेपर्यंत कळून चुकलं होतं की बांगड्या गप्प आहेत. एकसुद्धा वाजत नव्हती. आणि अंगणातल्या पुरुषांनी काय केलं होतं? ते एकेक करून सरकत पडद्याजवळ गेले होते. पडद्याकडे बघणं बरं दिसत नाही, म्हणून पाठ करून बसले होते. दहा-बारा मोठी माणसं भिंतीला पाठ लावून, माना खाली घालून, आणि अंगणाच्या मध्ये मी एकटा, हातात किटली.

"आणि छप्पर गळत होतं," बायको म्हणाली. "पाऊस आत. कुत्र्याच्या बाजूला बादली ठेवलेली, टप टप वाजत होती. मी मेमसाबला म्हटलं, पावसाआधी शाकारणी नाही केली? तिला शाकारणी कळेना. मग मी हाताने दाखवलं, कौलं काढायची, फुटकी टाकायची, नवी लावायची. ती म्हणाली, त्याचसाठी गाव पैसे जमवतंय. किती वर्षं झाली, जमवतंयच."

"म्हणजे आपल्या मशिदीसारखंच," चाचा म्हणाला, आणि सगळे हसले. माझ्या अंगणात, माझ्या चहावर, दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीला हसले.

मग ती चपलांवर आली.

चर्चच्या दाराबाहेर एक छोटी पडवी होती. पडवीत दगडी बाक, आणि बाकाखाली एका फळीवर ओळीने जोडे मांडलेले. बूट, सपाता, लहान मुलांचे जोडे, एक जोडी नाचायच्या बुटांचीसुद्धा. बायकोने ते बघितलं आणि तिला बरं वाटलं. म्हणजे इथेही जोडे काढूनच आत जातात. मेमसाब तर बूट घालूनच पुढे गेली होती, पण बायकोने विचार केला, ही आता दुबईला राहून सगळं विसरली. तिने आपल्या लाल मखमली चपला काढल्या, पदराने पुसल्या, दोन्हींची तोंडं एका दिशेला करून फळीवर नीट लावल्या, आणि नुसत्या मोज्यांनिशी आत गेली. फरशी बर्फासारखी होती म्हणाली. पण अल्लाच्या घरात, मग ते कुणाचं का असेना, चपला घालून जाणं तिला जमेना.

बाहेर आली तेव्हा फळीवर चपला नव्हत्या. बाकीचेही बरेचसे जोडे नव्हते.

फळीवरचे जोडे गावाने छपरासाठी दिलेले होते. जुन्यापुरान्या वस्तूंची विक्री होती त्या दिवशी. बाया पडवीतून वस्तू उचलून शेजारच्या हॉलमध्ये नेत होत्या आणि टेबलावर मांडून विकत होत्या. माझ्या बायकोच्या चपला, नव्याकोऱ्या, जरीच्या, टेबलावर गेल्या आणि हातोहात संपल्या.

मग चाचाने मांडीवर थाप मारली.

"आपल्या मशिदीतून चपला चोरीला जातात," तो म्हणाला. "तिथे पैसे देऊन नेतात. इंग्रज तो इंग्रज."

"कितीला गेल्या, भाभी?" कुणीतरी विचारलं.

"मी नाही विचारलं. छपराचे पैसे होते. द्या म्हणायचं कसं? मी म्हटलं, सदका समजा, अल्लाच्या नावाने दिलं."

"आणि घेतल्या कुणी?"

"एका म्हातारीने. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो ना, तेव्हा ती पहिल्या बाकावर बसली होती. जाड लोकरीचे मोजे आणि त्यावर माझ्या चपला. पाय असे पुढे करून बसली होती, सगळ्यांना दिसावेत म्हणून."

त्यानंतर अंगणात जो हशा झाला, तसा माझ्या गोष्टीला कधी झाला नव्हता. मला आठवतं, कारण मी तेव्हा लगेच मनात उजळणी केली. माझ्या सगळ्यात चांगल्या गोष्टीला, पळालेल्या बोकडाच्या, एकदा चाचाच्या नाकातून चहा आला होता. पण इथे पडद्याआड आपा हसत होती. माझ्या गोष्टींना आपा हसत नाही. माझ्या गोष्टींना ती म्हणते, मागच्या वेळी हा बोकड काळा होता.

"चपला मी घेतल्या होत्या," मी मोठ्याने म्हणालो. "पसंती माझी होती." माझ्याकडे कुणी बघितलं नाही. सगळ्यांची पाठ पडद्याला, तरी नजर एकाचीही माझ्याकडे नव्हती.

मला जे वाटलं त्याला दुसरं नाव नाही: जळफळाट. चाळिशीकडे झुकलेला माणूस, बायको सुखरूप परत आलेली, आणि मी पोळलो होतो ते तिच्या चपला हरवल्या म्हणून नाही, माझ्या हरवल्या नाहीत म्हणून. मी सगळी हयात छोट्या छोट्या गोष्टींना तिखटमीठ लावत आलो. बोकड खरं तर दोरी तोडून फक्त गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता. आणि हिच्या वाट्याला असली आयती गोष्ट यावी, आणि हिने ती कसलीही फोडणी न देता सांगावी, आणि लोकांनी बोटं चाटावीत?

पुढच्या जुम्म्याला लोकांनी तीच गोष्ट पुन्हा मागितली. नवीन माणसं आली होती, शारजाहून, आणि दोघे तर अजमानहून वाळूतून जीप काढत आले होते. मी म्हटलं, तिचा घसा बसलाय, मी सांगतो. आणि मी सांगायला लागलो. मी त्या दगडी माणसाला दाढी दिली. बाहेर विजा चमकवल्या. म्हातारीला काठी दिली. पडद्याआडून आवाज आला, "काठी नव्हती."

"बरं, काठी नव्हती. वीज कडाडली..."

"वीज नव्हती. रिपरिप होती."

"अगं, सांगताना थोडं..."

"दाढी पण नव्हती," बायको शांतपणे म्हणाली. "त्याचं नाक पडलेलं होतं."

"नाक पडलेलं होतं?" चाचा वळला. "हे मागच्या वेळी नाही सांगितलंत, भाभी. कसं पडलं?" आणि सगळी मंडळी पुन्हा सरकली.

आमची मुलगी तेव्हा दहा-अकरा वर्षांची, नुकतीच इंग्रजी शाळेत जायला लागलेली. ती माझ्या बाजूला येऊन म्हणाली, "अब्बा, यू वेअर नॉट देअर." शाळेत फीचे पैसे मी याच्यासाठी भरत होतो.

मग मी ठरवलं, आपणही चर्च बघायचं. विलायतेतलं नाही तर इथलं. शारजाला इंग्रजांची छावणी होती, तिथे त्यांची प्रार्थनेची एक खोली होती. आमच्या कंपनीचं सामान तिथे जायचं. एकदा ट्रकबरोबर मी मुद्दाम गेलो. छावणीतल्या एका सार्जंटला म्हटलं, मला तुमचं चर्च बघायचंय, माझी बायको विलायतेतल्या चर्चला जाऊन आली. तो म्हणाला, बघ की.

पत्र्याचं छप्पर, लोखंडी घडीच्या खुर्च्या, एक टेबल, टेबलावर पितळी क्रॉस. भिंतीवर नवा चुना. ओल नाही, खळगे नाहीत, झोपलेला माणूस नाही. छप्पर गळायला पाऊसच नव्हता. मी दारात बूट काढले. खरं सांगायचं तर काढताना मी जरा आवाज केला, आणि ते जरा ऐसपैस जागी ठेवले, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे. आत जाऊन बराच वेळ बसलो. बाहेर पावलं वाजली तेव्हा कान टवकारले. कुणीतरी थांबलं. मग पावलं पुढे गेली. बाहेर येऊन बघितलं तर बूट होते तिथेच होते, फक्त कुणीतरी ते पायात येऊ नयेत म्हणून सरळ करून भिंतीला लावले होते. सार्जंट म्हणाला, "ऑल राइट?" मी म्हटलं, ऑल राइट. ट्रकमध्ये बसून परत आलो. घरी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? चर्चला गेलो, बूट परत मिळाले.

आता इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. जो माणूस गोष्टी सांगतो, त्याला दुसऱ्याच्या गोष्टीतलं भोक लगेच दिसतं. बायकोने ती गोष्ट चार-पाच जुम्मे सांगितली. दर वेळी तीच, जवळजवळ शब्दाला शब्द. चपला गेल्या, बाया घाबरल्या, मेमसाब लाल झाली, पाद्रीसाहेबांनी सगळ्याच बायांना आपल्या घरी नेलं, पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली, पाद्रीसाहेबांच्या बहिणीचे काळे बूट दिले. "मग चहा झाला आणि आम्ही घरी आलो."

मग चहा झाला आणि आम्ही घरी आलो. दर वेळी हेच वाक्य, आणि दर वेळी इथे तिचा आवाज किंचित हलायचा. जी बाई बादलीचा आवाज सांगते, उशांवरचं भरतकाम सांगते, ती पाद्रीच्या घरचा चहा एका वाक्यात उरकते? कप कसले होते? सोफ्याचा रंग? या बाईने मला साहेबाच्या सोफ्याचा रंग सांगितला होता. इथे काहीतरी होतं. आणि ते तिने चाचाला नाही सांगितलं, आपाला नाही सांगितलं, आणि मला तर नाहीच. विलायतेतल्या दहा-पंधरा अनोळखी बायांना माहीत आहे आणि मला माहीत नाही.

गोष्ट तिची, हे कसंबसं मानलं होतं. पण गोष्टीच्या आतली गोष्टही मला मिळू नये? मी मनात त्या पाद्रीला तरुण केलं. मग म्हातारं केलं. मग पुन्हा तरुण केलं. हिने ख्रिस्ती गाणं तर नाही ना म्हटलं, हाही विचार आला. आठवडाभर मी नीट जेवलो नाही. आपा म्हणाली, "काय, साहेबाने पगार कापला?"

एका संध्याकाळी, असरच्या नमाजानंतर, बायको अंगणात बांगडे साफ करत बसली होती. आपा मुलीला घेऊन शेजारी गेली होती. मी पाटावर तिच्यासमोर बसलो. पाटावर मी सहसा बसत नाही.

"चहाला काय झालं?" मी विचारलं.

"कुठल्या चहाला?"

"पाद्रीच्या घरच्या."

तिचा हात थांबला. मग तिने बांगड्याचं पोट फाडलं.

"काही नाही झालं. चहा झाला."

"तू तिथे आवाज चोरतेस. दर वेळी."

ती हसली नाही, पण तिच्या गालाला काहीतरी झालं. "तुम्ही चिडाल," ती म्हणाली.

"मी कशाला चिडेन?" मी चिडून म्हटलं.

तिने हात धुतले. बाया फार शरमल्या होत्या, ती म्हणाली. पाहुणीच्या चपला विकल्या म्हणून एक तर रडायलाच लागली. सगळ्या कप धरून गप्प. तेव्हा हिला वाटलं, यांचं मन हलकं करावं. म्हणून तिने मेमसाबला म्हटलं, यांना सांग, आमच्यात चपला अशाच लग्नात पळवतात. मुद्दाम पळवतात. आणि मेमसाबच्या तोंडून, एकेक वाक्य थांबत थांबत, तिने त्यांना आमच्या लग्नाची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट मी घरात बंद करून ठेवली होती. कुणी काढली की मी उठून जायचो.

लग्नात मेव्हण्यांनी माझे जोडे लपवले होते. रिवाजच आहे, नवऱ्याने काहीतरी द्यायचं आणि जोडे सोडवायचे. पण माझ्या अंगात तेव्हा मस्ती होती. मी म्हटलं, ठेवा तुमच्याकडे. आमच्या खानदानात नवरा बायकोला अनवाणीच घरी नेतो, पूर्वापार. असा काही रिवाज आमच्या खानदानात नव्हता. तो मी त्या उंबऱ्यावर उभ्या उभ्या बनवला. तिकडे गावी, तिच्या घरापासून खाडीच्या धक्क्यापर्यंतची वाट कालवांच्या शिंपल्यांनी भरलेली, सुरीसारख्या धारेच्या. पहिल्या दहा पावलांतच माझे डोळे पाण्याने भरले. पण परत फिरणार कसा? म्हणून मी बोलत सुटलो. आमच्या पणजोबांनी अनवाणी कशी नवरी आणली, त्यांच्या बापाने कशी आणली. बोलण्याच्या भरात ते इतकं खरं वाटायला लागलं की माझे दोन्ही मामू विचारात पडले, आणि खानदानाची लाज म्हणून त्यांनीही जोडे काढले. मग चुलत्यांनी. धक्क्यापर्यंत पोचेस्तोवर अख्खी वरात अनवाणी, लंगडत, माझे पणजोबा ऐकत.

"तू हे सांगितलंस," मी म्हटलं. "पाद्र्याला."

"पाद्र्याच्या बहिणीला. पाद्री दारात उभा होता."

मी चिडायला तयार होतो. उठायलाही तयार होतो. पण माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"हसले?"

"हसले."

"कुठे? मामूंनी जोडे काढले तिथे?"

"तिथे थोडेसे."

"थोडेसे? अगं, तिथेच तर... मग जास्त कुठे हसले?"

"शेवटी."

"शेवटी काय आहे? धक्का आला, मी मचव्यात बसलो. हसण्यासारखं काय?"

बायकोने बांगडे पाण्यात टाकले आणि हात पदराला पुसले. माझ्याकडे बघितलं नाही.

"तुमचे जोडे माझ्याकडे होते ना," ती म्हणाली. "डोलीत. बहिणींनी माझ्याच मांडीखाली ठेवले होते. मी त्यांच्यावरच बसले होते, धक्क्यापर्यंत."

मला कधी कळलंच नव्हतं की जोडे घरी कसे आले. मी समजत होतो, सासऱ्यांनी पाठवले.

"डोली माझ्या बाजूनेच चालली होती," मी म्हटलं.

"हो."

"तू बघत होतीस."

"फटीतून."

"मग दिले का नाहीस?"

"तुम्ही इतकं छान सांगत होता," ती म्हणाली. "मध्येच कसं थांबवू? मला पणजोबांचं पुढे काय झालं ते ऐकायचं होतं."

अंगणात माशी भिणभिणत होती. पलीकडे खाडीत माणसं ने-आण करणाऱ्या होडीचं, आबऱ्याचं, इंजिन फटफटत होतं. विलायतेतलं एक सगळं खेडं, पाद्री, त्याची बहीण, माझ्या चपला घालून बसलेली ती म्हातारी, या सगळ्यांना माझ्या स्वतःच्या लग्नाचा शेवट माझ्याआधी माहीत होता. मला त्यांचा इतका हेवा वाटला की मी सांगू शकत नाही. त्यांनी ती गोष्ट पहिल्यांदा ऐकली होती, आगापिछा माहीत नसताना, आणि हिच्या तोंडून. मला ती तशी कधीच ऐकता येणार नव्हती.

"मला सांग," मी म्हटलं.

"काय?"

"तीच. त्यांना सांगितलीस तशी. पहिल्यापासून."

"तुम्हाला माहीत आहे की सगळी."

"मला शेवट माहीत नव्हता. आणखी काय काय माहीत नाही, कुणास ठाऊक."

तिने माशांवर झाकण ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली.

"मध्ये बोलायचं नाही," ती म्हणाली.

मी बोललो नाही. म्हणजे, दोनदाच बोललो.